कळलावी: या रानकंदाचा कर्करोगाच्या औषध-प्रतिकाराशी संबंध काय?

मृग बरसला की चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात, झुडपांच्या कडेने आणि कधी शेताच्या धुऱ्यावरही कळलावीचा वेल वर येतो. पानाचे टोक लांब होऊन त्याचाच ताणा बनतो आणि त्या ताण्याने वेल शेजारच्या झुडपाला धरतो. श्रावण-भादव्यात त्याला पिवळी-लाल, ज्वाळेसारखी फुले येतात. हे झाड बहुतेकांनी पाहिलेले असते. पण आता औषधी वनस्पतींच्या लागवडीची चर्चा वाढली आहे. उद्या कुणी 'कॅन्सरच्या औषधाचे पीक' म्हणून कळलावीचे कंद विकायला आला, किंवा घरातल्या रुग्णासाठी कुणी हाच कंद सुचवला, तर नेमके काय खरे आहे हे तुम्हाला माहीत असायला हवे. पहिल्या प्रसंगात पैसा जातो, दुसऱ्यात जीव जाऊ शकतो.

आधी ओळख

कळलावीचे शास्त्रीय नाव ग्लोरिओसा सुपर्बा. मराठीत हिला खड्यानाग, अग्निशिखा आणि काही भागांत बचनाग असेही म्हणतात. 'बचनाग' या नावाने घोळ होतो, कारण हिमालयातून येणारा खरा बचनाग ही वेगळीच वनस्पती आहे आणि तीही जहाल विषारी आहे. त्यामुळे खरेदी-विक्रीत नुसत्या बचनाग या नावावर व्यवहार करू नये.

संस्कृतात हिला लांगली म्हणतात. लांगल म्हणजे नांगर. कंद उकरून पाहिला तर नावाचे कारण लगेच कळते, दोन फाट्यांचा तो कंद नांगरासारखाच दिसतो. बाळंतपणात कळा आणण्यासाठी जुन्या काळी वापर होई म्हणून कळलावी. हा वापर आता कुणीही करू नये. योग्य मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर फारच कमी आहे.

हे विष म्हणजे कोल्चिसिन. ते कंदात असते आणि बियांत त्याहून जास्त असते, म्हणून व्यापार मुख्यतः बियांचा चालतो. गाऊट या सांध्यांच्या आजारात डॉक्टर कोल्चिसिनची गोळी देतात ती अर्ध्या मिलिग्रॅमची. यावरून या द्रव्याची ताकद लक्षात यावी.

पेशी फुटण्याआधीच थांबते

एका पेशीच्या दोन पेशी होताना आतली गुणसूत्रे दोन बाजूंना ओढली जातात. ती ओढणारे बारीक धागे ट्युब्युलिन नावाच्या प्रथिनापासून विणले जातात. कोल्चिसिन या प्रथिनाला चिकटते, धागे विणले जात नाहीत आणि विभाजन अडकते. वनस्पती पैदासकारांनी 1937 पासून याचाच उपयोग केला आहे. कोंबाला कोल्चिसिन लावले की गुणसूत्रे दुप्पट होतात पण पेशी फुटत नाही, आणि दुप्पट गुणसूत्रांचे झाड मिळते. बिनबियांचे कलिंगड याच वाटेने आले. कोल्चिसिन लावून केलेल्या चार-संची झाडाचा साध्या दोन-संची झाडाशी संकर केला, की तीन-संची वांझ बी मिळते.

कर्करोगाच्या पेशी सतत विभाजन करत असतात. मग त्यांच्यावर हेच विष का वापरत नाहीत? कारण आतड्याचे अस्तर, अस्थिमज्जा आणि केसांची मुळे इथल्या निरोगी पेशीही सतत विभाजित होतात, आणि कोल्चिसिन त्यांनाही तितकेच मारते. म्हणून कर्करोगावर कोल्चिसिन दिले जात नाही. त्याच ट्युब्युलिनवर काम करणारी पण माणसाला सोसतील अशी औषधे दुसऱ्या झाडांतून मिळाली. अंगणातल्या सदाफुलीतून व्हिनक्रिस्टिन आणि व्हिनब्लास्टिन आले. थंड प्रदेशातल्या यू वृक्षांपासून पॅक्लिटॅक्सेल आणि डोसिटॅक्सेल आले.

शेवटची दोन नावे आपल्या भागातल्या बऱ्याच घरांत ऐकलेली असतील. खर्रा आणि तंबाखूमुळे इथे तोंडाचा कर्करोग मोठा आहे. गडचिरोलीत 2016 पासून मुक्तिपथ अभियान त्यासाठीच चालू आहे. तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगात किमोथेरपीची गरज पडते तेव्हा वापरात असलेल्या औषधांत ही दोन्ही आहेत.

औषध लागू पडायचे का थांबते?

हे पऱ्हाटीवाल्यांना समजावून सांगावे लागत नाही. 2006 मध्ये दोन जनुकांचे बीजी-2 कपाशीचे बियाणे आले तेव्हा गुलाबी बोंडअळी त्यावर टिकत नव्हती. 2017 च्या हंगामात विदर्भात तिने बोंडेच्या बोंडे पोखरली. अळी काही 'शिकली' नव्हती. लाखो अळ्यांत थोड्या अशा होत्या की त्यांच्यावर विषाचा परिणाम होत नव्हता. बाकीच्या मेल्या, या उरल्या, आणि पुढची पैदास यांचीच झाली.

गाठीतही असेच घडते. कोट्यवधी पेशींत काही पेशी मूळच्याच वेगळ्या असतात. पहिल्या काही डोसांत गाठ आटते, घरच्यांना हायसे वाटते, आणि काही महिन्यांनी ती पुन्हा वाढू लागते. आता वाढणारी गाठ वाचलेल्या पेशींची असते. डॉक्टर याला औषध-प्रतिकार म्हणतात. यात रुग्णाचे किंवा घरच्यांचे काही चुकलेले नसते, हे इथे मुद्दाम सांगतो, कारण गावात तसे बोलले जाते.

प्रतिकाराच्या अनेक तऱ्हा आहेत. त्यांतली एक समजली ती थेट कोल्चिसिनमुळे. कॅनडातल्या टोरांटो इथे जुलियानो आणि लिंग हे संशोधक चिनी हॅमस्टर या उंदरासारख्या प्राण्याच्या अंडाशयातल्या पेशी कोल्चिसिनमध्ये वाढवून त्यांतल्या टिकणाऱ्या पेशी निवडत होते. उरलेल्या पेशी कोल्चिसिनला दाद देत नव्हत्याच, पण ज्या औषधांशी त्यांची कधी गाठही पडली नव्हती अशा इतर औषधांनाही त्या दाद देत नव्हत्या. 1976 मध्ये त्यांनी सांगितले की या पेशींच्या पृष्ठभागावर एक मोठे प्रथिन भरपूर प्रमाणात दिसते. त्याला पी-ग्लायकोप्रोटीन असे नाव मिळाले.

हे प्रथिन म्हणजे पेशीच्या भिंतीवर बसवलेला मोटरपंप. विजेऐवजी तो पेशीची स्वतःची ऊर्जा वापरतो आणि आत शिरलेले औषध बाहेर उपसून टाकतो. औषध शरीरात असते, रक्तात असते, गाठीपर्यंत पोचलेलेही असते, पण पेशीच्या आत पुरेसे साचतच नाही. हा पंप एकच औषध ओळखत नाही. कोल्चिसिन, सदाफुलीची दोन्ही औषधे, यू वृक्षाची दोन्ही औषधे, शिवाय मातीतल्या जिवाणूपासून मिळालेले डॉक्सोरुबिसिन, अशी एकमेकांशी नाते नसलेली बरीच औषधे तो बाहेर फेकतो. म्हणून एका औषधाला सरावलेली गाठ कधी कधी दुसऱ्यालाही जुमानत नाही. सिस्प्लाटिनसारखी काही औषधे मात्र या पंपाच्या आवाक्यात येत नाहीत. त्यांच्याविरुद्ध पेशी वेगळ्या वाटा काढतात.

पंप बंद करता येईल का?

कीटकनाशकांच्या जगात या कल्पनेला जुना दाखला आहे. शेवंतीच्या कुळातल्या पायरेथ्रम फुलांचे कीटकनाशक माशीला पाडते, पण माशी ते विष शरीरात मोडून पुन्हा उडते. 1940 च्या सुमारास लक्षात आले की त्यात तिळाचे तेल मिसळले तर परिणाम वाढतो. तीळ स्वतः माशी मारत नव्हता. त्यातले सेसामिन माशीची विष मोडण्याची यंत्रणा अडवत होते. पुढे त्याच धर्तीवर पायपरोनिल ब्युटॉक्साइड हे द्रव्य तयार झाले, आणि डासांच्या फवाऱ्यांच्या डब्यावर ते नाव आजही सापडते.

कर्करोगात हीच युक्ती 1981 मध्ये जपानमधल्या त्सुरुओ यांनी दाखवली. व्हेरापामिल हे हृदयाचे औषध दिल्यावर प्रतिकारक रक्तकर्करोगाच्या पेशींत व्हिनक्रिस्टिन पुन्हा साचू लागले. व्हेरापामिलची मूळ कल्पनाही झाडातलीच आहे. अफूतल्या पापाव्हरीनच्या धर्तीवर ते बनवलेले आहे. त्यानंतर जगभरच्या प्रयोगशाळांनी पंप अडवणारी द्रव्ये शोधली. हळदीतले कुरक्युमिन, मिरी आणि पिंपळीतले पायपरीन, अनेक फळापानांतले क्वेरसेटिन अशी वनस्पतींतली द्रव्ये काचपात्रातल्या पेशींवर खरोखर पंप अडवतात. 'हळदीने कॅन्सरचा प्रतिकार मोडतो' अशा बातम्या येतात त्या बहुधा अशा प्रयोगांच्या असतात. प्रयोग खोटे नसतात. त्यांतून काढलेला अर्थ चुकतो.

रुग्णांवर या युक्तीचे काय झाले ते बातम्यांत फारसे येत नाही. व्हेरापामिल पंप अडवेल इतक्या मात्रेत दिले तर हृदय आणि रक्तदाबच बिघडतो. मग खास पंपासाठी व्हॅल्स्पोडार, झोसुक्विडार, टॅरिक्विडार अशी औषधे आली. मोठ्या चाचण्यांत रुग्ण त्यांमुळे जास्त जगले असे दिसले नाही. कारण हा पंप कर्करोगाने नव्याने घडवलेला नाही. तो आपल्या आतड्यात, यकृतात, मूत्रपिंडात आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांत जन्मापासून असतो आणि अन्नातली विषे बाहेर काढत असतो. तो अडवला की किमोथेरपीचे औषध शरीरातून बाहेर पडायला उशीर होतो आणि निरोगी पेशींवर त्याचा मारा वाढतो. डॉक्टरांना डोस कमी करावा लागतो, आणि मिळवलेले हातातून जाते. शिवाय एक पंप अडवला तरी पेशीकडे दुसरे असतात.

कोल्चिसिनच्या बाबतीत हा धोका प्रत्यक्ष दिसला आहे. क्लॅरिथ्रोमायसिन हे जंतुनाशक हाच पंप आणि यकृतातले एक विकर अडवते. गाऊटसाठी नेहमीची कोल्चिसिनची गोळी घेणाऱ्यांना ते सोबत दिले गेले, तेव्हा काही रुग्ण नेहमीच्याच मात्रेने दगावले.

हळद आणि पिंपळी: घरातल्या रुग्णासाठी

विदर्भाला ही दोन्ही पिके परकी नाहीत. वर्धा जिल्ह्यातल्या वायगावच्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे, आणि अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जीची पानपिंपळी जुनी आहे.

कुरक्युमिन पोटातून रक्तात फारच थोडे जाते. 1998 मध्ये बंगळूरच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजमध्ये निरोगी माणसांना 2 ग्रॅम कुरक्युमिनसोबत 20 मिलिग्रॅम पायपरीन दिले, तेव्हा शोषण 2000 टक्क्यांनी वाढले. हळदीच्या प्रत्येक कॅप्सूलच्या जाहिरातीत हा आकडा असतो. पण मुळात जवळजवळ शून्य असलेली पातळी वीसपट झाली तरी ती थोडीच राहते, हे जाहिरात सांगत नाही. काचपात्रात पंप अडवायला लागणारी मात्रा त्याहून पुष्कळ मोठी असते.

रुग्णांवरच्या चाचण्या थोड्या आहेत आणि त्यांचे निकाल एकमेकांशी जुळत नाहीत. 2020 मध्ये आर्मेनियातल्या एका चाचणीत पसरलेल्या स्तनकर्करोगाच्या स्त्रियांना पॅक्लिटॅक्सेलसोबत कुरक्युमिन थेट शिरेतून दिले गेले, तेव्हा गाठ आटण्याचे प्रमाण वाढलेले दिसले. 2021 मध्ये फ्रान्समधल्या चाचणीत प्रोस्टेटच्या कर्करोगात डोसिटॅक्सेलसोबत तोंडाने दिलेल्या कुरक्युमिनचा फायदा दिसला नाही. शिरेतून दिलेले शुद्ध औषध आणि दुधातली हळद यांची तुलनाच होत नाही.

पायपरीनची गोष्ट जास्त ठोस आहे. ते माणसाचा हा पंप आणि यकृतातले औषध मोडणारे विकर, दोन्ही अडवते. तिळातल्या सेसामिनच्या रेणूत जो एक तुकडा आहे तोच पायपरीनमध्येही आहे. याचा नेटका उपयोग भारतातच झाला, तो क्षयरोगात. जम्मूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ इंटिग्रेटिव्ह मेडिसिनच्या संशोधनातून 2009 मध्ये कॅडिला फार्मास्युटिकल्सने एक गोळी बाजारात आणली. तिच्यात 10 मिलिग्रॅम पायपरीनमुळे रिफाम्पिसिन 450 ऐवजी 200 मिलिग्रॅम पुरते. पायपरीन वाढवताना मूळ औषध मोजून कमी केले, म्हणून ती गोळी झाली. किमोथेरपी चालू असताना पिंपळीचा काढा घेतला तर मूळ औषध कमी करणारे कुणीच नसते.

भाजीत हळद, वरणात मिरी चालते. जेवणातल्या मसाल्यासाठी घाबरू नका. काढे, चूर्णाचे मोठे डोस, अर्क आणि 'मिरीयुक्त' हळदीच्या कॅप्सूल मात्र किमोथेरपीच्या काळात डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नयेत. अशा कॅप्सूलमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदीही आहेत. नागपूरच्या राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालयात असो की आणखी कुठे, पुढच्या फेरीला जाताना घरी जे देत आहात त्याची पुडी किंवा बाटली सोबत न्यावी. वैदूकडचे औषध लपवण्याची सवय असते, पण डॉक्टरांना ते माहीत नसेल तर ते रक्त तपासणीतल्या बिघाडाचे कारण भलतीकडेच शोधत बसतात. आणि कळलावी कोणत्याही रूपात देऊ नये, अगदी 'शोधन केलेली' म्हणून मिळाली तरी.

जंगलातून गोळा करण्याआधी

कर्करोगाचे नाव लागले की रानातल्या झाडाचे काय होते, याचा अनुभव सह्याद्रीने घेतला आहे. तिथल्या नरक्या या लहान झाडात कॅम्प्टोथेसिन हे द्रव्य असल्याचे 1972 मध्ये गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी दाखवले. त्याच द्रव्यापासून टोपोटिकॅन आणि इरिनोटिकॅन ही औषधे बनतात. मागणी वाढल्यावर फांद्यांवर भागले नाही, झाडे मुळासकट गेली. तोडणाऱ्याला सरपणाच्या भावाहून थोडेच जास्त मिळाले. गमतीचा भाग असा, की या औषधांनाही बाहेर फेकणारा एक दुसरा पंप पुढे 1998 मध्ये सापडला.

कळलावीत कंद उकरला की झाडच संपते. बिया घेतल्या तर वेल पुढच्या पावसात पुन्हा उगवतो. म्हणून गोळा करायचेच असेल तर पिकलेल्या शेंगा घ्याव्यात, काही वेलांवर ठेवाव्यात आणि कंदाला हात लावू नये. वन हक्क कायदा 2006 नुसार सामूहिक हक्क मिळालेल्या गावांत गौण वनोपजाचा निर्णय ग्रामसभेचा आहे. मेंढा (लेखा) गावाने 2009 मध्ये हा हक्क मिळवून वाट दाखवली. बाहेरचा खरेदीदार आला तर त्याने जैवविविधता कायद्यानुसार राज्य जैवविविधता मंडळाकडे काय कागद दिले, हे ग्रामसभेने विचारावे. मंडळाचे मुख्यालय नागपुरातच आहे.

लागवड करायची का?

माझे मत: मोठ्या क्षेत्रावर आत्ता नको. कळलावीची व्यापारी शेती तामिळनाडूत धारापुरमसारख्या भागात वर्षानुवर्षे चालते. तिथे ती बसली कारण जमीन हलकी, निचऱ्याची आणि पाऊस बेताचा आहे. आपल्याकडे धानाच्या बांधीत पाणी उभे राहते, आणि त्या पाण्यात हा कंद कुजतो. वरकस, मुरमाड, उताराच्या जागेवरच विचार करता येईल.

खर्च कंदांवर आणि मांडवावर होतो. कंदाच्या प्रत्येक फाट्याच्या टोकाला एकच डोळा असतो. वाहतुकीत तो मोडला तर तो फाटा उगवत नाही, म्हणून कंद घेताना टोके एकेक करून पाहावीत. फुलात स्त्रीकेसराची काडी काटकोनात बाहेर वळलेली असते, त्यामुळे परागीभवन आपोआप नीट होत नाही. रोज सकाळी मजूर लावून हाताने परागकण लावावे लागतात. हे काम नेमके धानाच्या निंदणाच्या दिवसांत येते. पीक हाती यायला साडेपाच ते सहा महिने लागतात, आणि खरेदीदार मोजके असल्याने बियांचा भाव एका वर्षात कोसळू शकतो. 'बाय-बॅक'चा करार दाखवला तर त्यात भाव आकड्यात लिहिला आहे का, कोल्चिसिनचे प्रमाण कोणती प्रयोगशाळा तपासणार आणि माल नाकारला तर काय, हे पाहावे. कंद विकून मोकळा होणारा आणि पुढे बी घेणारा एकच असेल तर जास्त सावध राहावे. सिंदेवाही किंवा सोनापूर-गडचिरोलीच्या कृषी विज्ञान केंद्रात करार दाखवून घेतलेला बरा. अकोल्याला डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे नागार्जुन वनौषधी उद्यान आहे, तिथे झाडाची खात्रीशीर ओळख पटवता येते.

तरीही दोन-चार गुंठ्यांवर करून पाहायचे असेल तर कुंपण आधी घालावे. कंद हाताळताना हातमोजे घालावेत, आणि साठवण रताळी, हळद किंवा खाण्याचे रानकंद ठेवतो त्या खोलीत कधीही करू नये, कारण कंद त्यांच्यात मिसळून चुलीवर जाण्याचा धोका असतो. विषबाधेत पहिले काही तास काहीच जाणवत नाही. मग उलट्या आणि पाण्यासारखे जुलाब सुरू होतात, आणि ते हगवण समजून घरीच उपचार केले जातात. कोल्चिसिनवर नेहमी उपलब्ध असा उतारा नाही, त्यामुळे वेळ महत्त्वाची असते. उलट्या सुरू होण्याची वाट न पाहता रुग्णाला थेट उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयात न्यावे, आणि उरलेला कंदाचा तुकडा पिशवीत घालून सोबत न्यावा, म्हणजे डॉक्टरांना विष ओळखायला वेळ लागत नाही.